पलीकडच्या केबिनमधलं मराठी

१

चौतीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलेल्या माणसाचा हात निवृत्त होतो, कान होत नाही. रत्नाकरराव मोहरिलांना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा अभिमानही होता. साक्षीदार पुटपुटला, वकील मध्येच बोलला, साहेब खोकले, तरी कोण काय बोललं ते त्यांच्या वहीत बिनचूक असे. निवृत्तीला दोन वर्षं होऊनही खिशात लहान डायरी आणि पेन्सिल असायचीच. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पेन्सिलीनं पाडलेला घट्टाही तसाच होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

एप्रिलच्या एका दुपारी राधाबाईंनी त्यांना मंगळसूत्राचा आकडा बसवून आणायला सदर बाजारात पाठवलं. सोनार म्हणाला, कारीगर जेवायला गेलाय, दोन तास लागतील. पुरानी बस्तीतलं घर फार लांब नव्हतं, पण त्या उन्हात जाऊन परत यायचं म्हणजे शिक्षाच. स्कूटरच्या गर्दीतून वाट काढत ते सावलीच्या बाजूनं चालत राहिले, साड्यांच्या एका दुकानाशेजारच्या बोळात शिरले, आणि बोळाच्या टोकाला त्यांना तो बार दिसला.

जन्म रायपूरचा, वय चौसष्ट, आणि हा बार आपण कधीच कसा पाहिला नाही याचं त्यांना नवल वाटलं. पाटीवर ‘बार’ एवढंच वाचता येत होतं. आधीचे ‘वाइन शॉप’ हे शब्द पिवळ्या रंगानं झाकलेले होते. दारूची दुकानं सरकारनं आपल्या हाती घेतली तेव्हा शहरभर असे शब्द झाकले गेले होते. इथला रंग पातळ होता, त्यामुळे खालची अक्षरं उन्हात वर येत होती.

आत अंधार आणि गारवा होता. कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, चार टेबलं, आणि मागच्या बाजूला प्लायवूडच्या दोन केबिनी. दुपारचं गिऱ्हाईक एकही नव्हतं. काउंटरमागच्या साठीच्या माणसानं आपलं नाव भैय्यालाल सांगितलं आणि डाव्या केबिनचा हिरवा पडदा बाजूला केला. रत्नाकरराव वर्षातून दोनदा घेत, राधाबाईंना सांगून घेत. त्यांनी काहीतरी हलकं मागितलं. भैय्यालालनं लाल वाइनची बाटली आणली, म्हणाला, “आपके नासिक की है.” सोबत मीराबाई नावाच्या स्वयंपाकिणीनं उकडलेले चणे आणून ठेवले.

पहिला घोट घेतला आणि पलीकडच्या केबिनमधून मराठी ऐकू आलं. नागपूरकडचं, रायपुरात मुरलेलं, त्यांच्या स्वतःच्या घरात बोललं जाई तसं.

एक बाई म्हणत होती, “टाकीचं झाकण उडालं वाटते. मिश्राच्या छतावर पडलं असन.”

पुरुष म्हणाला, “राहू दे. ऊन उतरलं की पाहतो मी.”

रत्नाकररावांना बरं वाटलं. सदर बाजारात, बारमध्ये, बायकोला घेऊन दुपारी आलेला कोणी मराठी माणूस! आताची पोरं तर मराठी समजतात आणि उत्तर हिंदीतून देतात. सवयीनं डायरी निघाली, सवयीनं दोन वाक्यं लघुलिपीत उतरली. पडदा सारून नमस्कार करावा असं मनात आलं, पण ते बरं दिसलं नसतं. पेला संपवून, आकडा बसलेलं मंगळसूत्र घेऊन ते घरी आले.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली. रत्नाकरराव जेवून बाहेरच्या खोलीत पेपर चाळत होते. छतावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. राधाबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या.

“टाकीचं झाकण उडालं वाटते,” त्या म्हणाल्या. “मिश्राच्या छतावर पडलं असन.”

“राहू दे. ऊन उतरलं की पाहतो मी.”

राधाबाई आत गेल्या. रत्नाकररावांनी पेपरचं पान उलटलं आणि हात तिथेच थांबला. खुंटीवरच्या शर्टातून डायरी काढून त्यांनी कालच्या रेघा वाचल्या. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

ते घाबरले नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाला घाबरण्याआधी विचार करायची सवय असते. एप्रिलमध्ये रायपुरात रोज वावटळ येते, प्रत्येक छतावर टाकी आहे, आणि मिश्रा तर गल्लोगल्ली आहेत. दोन घरांत सारखं बोलणं झालं, यात आश्चर्य ते काय? कोर्टात त्यांनी हजारो साक्षी लिहिल्या होत्या आणि शंभरातल्या नव्वद एकसारख्या होत्या. त्यांनी डायरी मिटली आणि ऊन उतरल्यावर मिश्रांच्या छतावरून झाकण आणलं.

३

तरी ते चौथ्या दिवशी पुन्हा त्या बोळात गेले. भैय्यालालला विचारलं, उजव्या केबिनमध्ये कोण बसतं. तो म्हणाला, ती केबिन दोन वर्षांपासून बंद आहे, रिकाम्या बाटल्यांचे क्रेट ठेवतो. रत्नाकररावांनी पडदा सारून पाहिलं. जमिनीपासून छातीपर्यंत प्लास्टिकचे क्रेट रचलेले होते, त्यांच्यावर धूळ होती. माणूस बसणं तर सोडाच, उभं राहायलाही जागा नव्हती. त्यांनी क्रेटवरून हात लांबवून मागची भिंत ठोकून पाहिली, भरीव वाजली. वर छत, खाली फरशी.

मग ते डाव्या केबिनमध्ये बसले आणि पाचव्या मिनिटाला पलीकडून बाई म्हणाली, “अन् साबुदाणा भिजवला नाही मी, उद्या चतुर्थी आहे हे डोक्यातच नव्हतं.”

‘अन्’ म्हणायच्या आधी जिभेचा बारीकसा टच्च आवाज. तो आवाज रत्नाकरराव चौतीस वर्षं ऐकत आले होते. पुरुषाचा आवाज मात्र त्यांना ओळखता येईना. आपला आवाज बाहेरून कसा लागतो हे कोणाला माहीत असतं? एकदा कोर्टात टेप तपासताना त्यांनी स्वतःला ऐकलं होतं, थोडा नाकात बोलणारा, वाक्य संपताना खाली उतरणारा एक अनोळखी गृहस्थ. पलीकडचा पुरुष तसाच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी साबुदाणा भिजवलेला नव्हता.

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. एक पेला, एक तास. घरी सांगितलं, वाचनालयात जातो. जे ऐकलं ते लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी ताडून पाहायचं. आठ दिवसांत एकही चूक निघाली नाही. खरं सांगायचं तर त्यांना त्यात मजा वाटू लागली होती. राधाबाई काय बोलणार हे आधीच माहीत असणं म्हणजे साक्षीदाराचा जबाब खिशात घेऊन कोर्टात बसण्यासारखं होतं. कारण सापडेल, कारण असतंच, एवढा त्यांचा विश्वास होता. त्यासाठी उलटतपासणी घ्यायला हवी. आपलं वाक्य आपण बोललोच नाही, तर?

४

त्या दिवशीचं डायरीतलं वाक्य साधं होतं. राधाबाई विचारणार होत्या, डाळीत चिंच टाकू की आमसूल. उत्तर होतं: चिंच टाक, आमसुलानं मले जळजळते.

रत्नाकरराव जेवणाच्या टेबलाशी बसले होते. राधाबाईंनी ओट्याजवळून विचारलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

आतल्या खोलीतून आवाज आला, “चिंच टाक. आमसुलानं मले जळजळते.”

“बरं,” राधाबाई म्हणाल्या आणि बरणी काढली. वळूनही पाहिलं नाही.

रत्नाकरराव उठून आत गेले. पलंग, कपाट, शिवणयंत्र. खिडकी आतून लावलेली. कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. परत येऊन बसेपर्यंत त्यांनी उत्तर शोधलं होतं. आपणच बोललो. आठ दिवस वाक्यं पाठ करतोय, ओठ मिटलेत असं वाटलं, पण तोंडातून निघून गेलं. वय आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पक्का बंदोबस्त केला. वेळ जवळ आली तसा पाण्याचा मोठा घोट घेतला आणि गालात धरून ठेवला. राधाबाई म्हणाल्या, कूलरमध्ये पाणी भरलं का, गरम हवा फेकून राहिला. रत्नाकरराव पाणी धरून बसले.

“सकाळीच भरलं,” आवाज म्हणाला. “मोटर अडकली असन. पाहतो मी.”

या वेळी तो आतल्या खोलीतून आला नाही. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या पॅसेजमधून आला, चार पावलांवरून. राधाबाईंनी मान डोलावली.

रत्नाकररावांनी बेसिनमध्ये पाणी थुंकलं. घोट पुरा होता. बेसिनची कड धरून ते बराच वेळ उभे राहिले, आणि पहिल्यांदाच त्यांना कारण सुचलं नाही.

५

पण हातपाय गाळून बसणारा माणूस तो नव्हे. त्यांनी नियम शोधून काढला. वाक्य बोललं जाणारच, मग ते आपणच बोलायचं, वेळेवर, एक श्वासही उशीर न करता. त्यांनी तसं केलं आणि घर शांत झालं. पॅसेजमध्ये कोणी बोललं नाही. आता बारमध्ये जाणं भाग होतं, कारण तिथे गेलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं आपलं वाक्य कळणार कसं? ते रोज जात, लिहून आणत, सकाळी दाढी करताना पाठ करत. राधाबाई एकदा म्हणाल्याही, तुम्ही अलीकडे लगेच उत्तर देता, पहिले तीनदा विचारावं लागे.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पलीकडून जे ऐकू आलं, ते मात्र साबुदाण्याचं नव्हतं.

बाई म्हणाली, “आज अनुश्रीचा वाढदिवस.”

रत्नाकररावांची पेन्सिल थबकली. अनुश्री त्यांची एकुलती मुलगी. सहा वर्षांपूर्वी, पत्रिका वाटून झाल्यावर, लग्नाला आठ दिवस उरले असताना तिनं लग्न मोडलं होतं. मुलगा वाईट नव्हता, तिला जमत नव्हतं एवढंच ती म्हणाली. रत्नाकरराव अडीचशे घरी जाऊन लग्न होणार नाही असं स्वतः सांगून आले होते, आणि शेवटच्या घरून परतल्यावर दारातच त्यांनी लेकीला सांगितलं होतं की आपलं बोलणं संपलं. ती जगदलपूरला शाळेत शिकवत होती. राधाबाई तिच्याशी छतावरून फोनवर बोलत. या घरात तिचं नाव निघत नसे.

पलीकडचा पुरुष म्हणाला, “तिले फोन लाव. मी बोलतो. चूक माझी होती, राधा. पोरीनं खरं सांगितलं अन् मी लोकांचं तोंड पाहत बसलो.”

मग बाईचं रडणं ऐकू आलं. रत्नाकररावांनी ते रडणं कधी ऐकलं नव्हतं. त्यात सहा वर्षं होती आणि सुटकाही होती.

‘चूक माझी होती’ हे शब्द त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडचे हजारदा लिहिले होते. आज त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. पेला तसाच ठेवून ते काउंटरवर आले आणि भैय्यालालला सरळ विचारलं, मागे जे बोलणं चालतं ते तुम्हाला ऐकू येतं का.

“हव,” भैय्यालाल म्हणाला. “रोज सुनते हैं.”

“कौन बोलता है?”

भैय्यालालनं चष्मा काढून पुसला. त्याला संकोच वाटत होता. “आप ही तो बोलते हैं, साहब. अकेले आते हैं, अपनी भाषा में बोलते रहते हैं. किसी को तकलीफ नहीं, इसलिए हमने टोका नहीं.”

रत्नाकररावांना एकदम हलकं वाटलं. म्हणजे हे होतं. एकटा माणूस, थोडी वाइन, स्वतःशी बडबड. राधाबाईंना सगळं सांगून टाकू, डॉक्टर गाठू. त्यांनी विचारलं, बाईचा आवाज कधी ऐकला का. भैय्यालालनं मान हलवली, नाही, बाईचा नाही, फक्त तुमचाच.

ते दारापर्यंत पोहोचले तेव्हा तो मागून म्हणाला, “आपके जाने के बाद भी थोड़ी देर चलता है. फिर बंद हो जाता है.”

६

ती रात्र त्यांनी जागून काढली. सकाळपर्यंत निश्चय पक्का झाला होता. कोण बोलतं, का बोलतं, ते मरू दे. हे वाक्य आपलं आहे. आपल्या लेकीबद्दलचं, आपल्या बायकोला सांगायचं. हे कोणाला बोलू द्यायचं नाही. आरशासमोर त्यांनी ते वीस वेळा म्हटलं. विसाव्या वेळी ते खरं आहे असंही त्यांना वाटलं.

दुपारी जेवायला बसले. राधाबाईंनी शेवयांची खीर केली होती, कोणासाठी ते बोलल्या नाहीत. वाटी त्यांच्यासमोर ठेवून त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. नजर टेबलावर.

“आज अनुश्रीचा वाढदिवस,” त्या म्हणाल्या.

रत्नाकररावांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तोंड उघडलं. आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांना ती अडीचशे दारं दिसली. दारात उभे राहून ऐकणारे चेहरे, “अरेरे” म्हणणारे, आणि वळल्यावर मागे हसणारे. शब्द मागे राहिले. फार नाही, एक श्वास.

“तिले फोन लाव,” आवाज त्यांच्या कानामागून म्हणाला, इतका जवळून की मानेला ऊब लागली. “मी बोलतो. चूक माझी होती, राधा. पोरीनं खरं सांगितलं अन् मी लोकांचं तोंड पाहत बसलो.”

राधाबाईंनी वर पाहिलं. चेहरा आधी कोरा होता, मग सगळाच विरघळला. त्या रडत उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

रत्नाकररावांनी मान पुरती वळवली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून जेवढं दिसलं तेवढंच पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर, त्यांच्या उजव्या खांद्याला लागून, चार बोटं टेकलेली होती. मधल्या बोटावर घट्टा होता. राधाबाईंनी आपला हात त्या बोटांवर ठेवला आणि दाबून धरला.

त्यांचे स्वतःचे दोन्ही हात समोर होते, खिरीच्या वाटीच्या दोन बाजूंना.

७

फोन झाला. रत्नाकरराव त्या वेळी छतावर उभे होते. खालून बोलण्याचा आवाज बराच वेळ येत होता, मध्येच हसण्याचाही. खाली आले तेव्हा राधाबाईंनी डोळे पुसत सांगितलं, किती छान बोललात तुम्ही तिच्याशी.

त्यानंतर ते त्या बोळात गेले नाहीत. उद्याचं वाक्य आज कळून काही उपयोग नाही, हे त्यांना कळलं होतं. आणि त्यांना नाकारता येत नव्हतं की घर सुधारलं होतं. राधाबाई गुणगुणत स्वयंपाक करत. शेजारणी विचारत, मोहरीलभाऊंना काय झालं, अलीकडे सगळ्यांशी दोन शब्द बोलतात. कुठे, कधी बोलले, ते रत्नाकररावांनी विचारलं नाही. ते बाहेरच्या खोलीत बसत आणि ऐकत. बोलणं कधी अंगणातून येई, कधी छताच्या जिन्यावरून. कधीकधी दिवसभर काहीच येत नसे, आणि मग ते जास्त अस्वस्थ होत.

जूनच्या पहिल्या रविवारी अनुश्री आली. सहा वर्षांत तिचे केस कानामागे थोडे पांढरे झाले होते. तिनं वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या शेजारी, लहानपणी बसे तशी, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. राधाबाई चहा ठेवायला गेल्या. खोलीत दोघंच होती. अंगणात, जिन्यावर, पॅसेजमध्ये कुठेही चाहूल नव्हती. रत्नाकररावांनी तीन वेळा कान देऊन खात्री करून घेतली.

“बाबा, एक पूछूँ?” अनुश्री म्हणाली. मग तिनंच बदललं, मराठीत म्हणाली, “इतके दिवस काहून थांबले तुम्ही? मी रोज वाट पाहत होती.”

हे वाक्य त्यांनी कुठे लिहून घेतलेलं नव्हतं. याचं उत्तर कोणी आधी बोललेलं नव्हतं. त्यांना एकदम बळ आलं. उत्तर त्यांच्याजवळ होतं, अगदी साधं: मले लाज वाटत होती, बेटा, लोकांची नाही, तुझी. ते शब्द त्यांनी मनात एकामागे एक नीट मांडले. लेकीचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि तोंड उघडलं.

“तुझ्या आईले विचार,” ते हसत म्हणाले, “मी किती हट्टी आहे ते. पण आता आलीस ना? आता मी तुले कुठे जाऊ देणार नाही.”

अनुश्री हसली, रडली, आणि तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांचा हात तिच्या केसांवरून फिरला. ओठ त्यांचेच हलत होते, शब्द मात्र त्यांनी मांडलेले नव्हते. बोलणं छान चाललं होतं, मऊ, थोडं नाकातलं, वाक्य संपताना खाली उतरणारं. पुढे आपण काय बोलणार, हे रत्नाकरराव अगदी लक्ष देऊन ऐकत राहिले.